अनोळखी माणसं, एक लॉज, दोन्हीकडे दरड आणि सगळ्यांच्या खिशात मोबाइल: दार बंद करायचं कसं?

कृष्णाकाठची

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या बँकेच्या कर्मचाऱ्यांची एकांकिका स्पर्धा असते, त्यात यंदा आमच्या शाखेसाठी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वेळ पाऊण तास. नेपथ्य एका छोट्या हत्तीत मावलं पाहिजे, कारण भाडं आम्हीच भरतो.

मला लिहायचंय ते म्हणजे अनोळखी माणसं एका जागी अडकतात आणि एकेक जण कमी होत जातो, त्या जातीचं. 'गुमनाम' दूरदर्शनवर लागला होता तेव्हा आम्ही भावंडं एकाच गोधडीत शिरून बघत होतो, तेव्हापासूनची ही हौस. माझी गोष्ट अशी: जुलै महिना, आंबोली घाट, वरच्या अंगाला एक बंद पडत आलेलं लॉज. दोन्हीकडे दरड कोसळलेली. एकमेकांना न ओळखणारी आठ माणसं रात्रीपुरती आसऱ्याला येतात. जेवणं होतात, पहिला मरतो. मग दुसरी.

पहिल्या वाचनाला आमच्या कॅशियरनं तिसऱ्याच पानावर हात वर केला. "मॅडम, हे लोक ११२ ला फोन का करत नाहीत?" मी घरी येऊन टॉवर पाडला. दुसऱ्या वाचनाला तो म्हणाला, लॉजला वायफाय असेल की. मी लाइट घालवली. तो म्हणाला, इन्व्हर्टर? आता पहिली सात पानं माझी पात्रं फक्त काय काय बंद आहे ते एकमेकांना सांगत बसली आहेत. एमएसईबीच्या तक्रार खिडकीवर उभं असल्यासारखं वाटतंय.

तर, आजच्या काळात माणसं खरंच अडकलीत हे प्रेक्षकाला पटवायचं कसं? आणि शेवट? सगळे मारले तर गोष्ट सांगायला कोण उरतो?

पुस्तकं-सिनेमांची नावं खुशाल सांगा, पण खुनी कोण ते सांगणार असाल तर आधी इशारा द्या.

घाटमाथा

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो, कारण टॉवरच्या देखभालीत बरीच वर्षं काढली आहेत.

तुम्ही दरड, लाइट आणि टॉवर असे तीन वेगळे अपघात लिहिलेत म्हणून कॅशियर पकडतोय. खरं तर ते एकच आहे. घाटात पाऊस झोडपायला लागला की झाड तारेवर पडतं, लाइट जाते. टॉवर मग बॅटरीवर चालतो काही तास, त्यानंतर डिझेल जनरेटरवर. डिझेल आणणारी गाडी दरडीच्या पलीकडे अडकलेली. संपला विषय. दुसरी गंमत म्हणजे टॉवरकडे जाणारी फायबर केबल बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेनंच पुरलेली असते. रस्ता खचला की तीही तुटते. मग टॉवर उभा, दिवा लुकलुकतोय, तुमच्या फोनवर कांड्या दिसताहेत आणि फोन मात्र लागत नाही! ही अवस्था रेंज नसण्यापेक्षा जास्त डोकं फिरवणारी असते. ११२ चा फोन आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो, त्यामुळे एकाच कंपनीचं नेटवर्क गेलं असं दाखवू नका. कॅशियर सोडणार नाही.

म्हणजे एका पात्राच्या तोंडी एकच वाक्य पुरे: "दरड निघेपर्यंत डिझेल येणार नाही." सात पानांचं काम झालं.

जागा बदलायची तयारी असेल तर कोयनेचं पाणी बघा. बामणोलीकडून शिवसागर ओलांडून पलीकडे गेलात की परतीची लाँच हाच एक रस्ता. लाँच निघून गेली की तुम्ही, जंगल आणि तुमच्यासोबतचे लोक. तिथे काही पाडावं लागत नाही.

तिसरी घंटा

घाटमाथा यांनी तांत्रिक बाजू चोख सांगितली. पण ताई, माझ्या मते तुम्ही चुकीचं दार बंद करत बसला आहात.

मी हौशी रंगभूमीवर आयुष्यभर विंगेत उभा राहिलेला माणूस. प्रॉपर्टी (म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू), नेपथ्य, पडदा. संहिता वाचली नाही, ऐकली. अंधारात उभं राहून दीडशेव्यांदा ऐकताना कुठलं वाक्य फुकट आहे ते कानाला कळतं. प्रेक्षक तिकीट काढून, फोन सायलेंटवर टाकून बसलेला असतो, त्याला माणसं अडकायलाच हवी असतात. लंडनला 'माउसट्रॅप' हे रहस्यनाट्य २५ नोव्हेंबर १९५२ ला लागलं ते मार्च २०२० मध्ये करोनानं थांबवेपर्यंत चाललं आणि २०२१ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झालं. त्यात अडकण्यासाठी काय आहे? बाहेर बर्फ. फोनची वायर कापलेली. पोलिस येतो तो बर्फावरून स्कीइंग करत. बस्स. इतक्या वर्षांत त्या बर्फाचा हिशोब कुणी मागितला नाही.

मग तुमचा कॅशियर का मागतो? कारण तुमच्या आठ जणांना फोन न करण्याचं कुठलंही कारण तुम्ही दिलेलं नाही. तुम्ही बाहेरून कडी घालताय. कडी आतून पडली पाहिजे.

या प्रकाराची गंगोत्री म्हणजे अगाथा ख्रिस्तीबाईंची १९३९ ची बेटावरची कादंबरी, 'अँड देन देअर वेअर नन'. 'गुमनाम'चं मूळही तेच. लोक तिच्यातला समुद्र आणि वादळ लक्षात ठेवतात. तुम्ही पहिलं प्रकरण उघडून फक्त पत्रं वाचा. दहा माणसांना बेटावर आणायला प्रत्येकासाठी वेगळा गळ टाकलाय. एका मुलीला सेक्रेटरीची नोकरी. एका डॉक्टरला एका बाईंची तब्येत गुपचूप तपासायचं बोलावणं. एका रिकामटेकड्या माजी कॅप्टनला शंभर गिनी रोख. एका कर्मठ म्हातारीला फुकट सुट्टी, आणि पत्राखालची सही अशी गिचमिड की कुणाची ते तिला लागतच नाही, तरी ती जाते. फुकट आहे ना! कुणी लोभानं आलंय, कुणी गरजेनं, कुणी मोठेपणापायी. मग जेवणानंतर ग्रामोफोनची तबकडी वाजते आणि प्रत्येकाच्या नावावर एकेक मृत्यू वाचून दाखवते, असा मृत्यू की कायद्याला हात घालता आला नाही. त्यानंतर होडीची वाट सगळे बघतात, पण "चला, पोलिसांना सगळं सांगू" हे वाक्य कुणाच्याही तोंडून सहज निघणार नाही. एक म्हातारा जनरल तर समुद्राकडे तोंड करून बसून राहतो. त्याला परत जायचंच नाहीये. वादळानं बाहेरचं दार लावलं, तबकडीनं आतलं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' पुन्हा काढा, रहस्यनाट्य नाही म्हणून बाजूला ठेवू नका. १९६७ चा प्रयोग, अरविंद देशपांड्यांचं दिग्दर्शन, सुलभाताई देशपांडे नायिका बेणारेंच्या भूमिकेत. नाटकमंडळी प्रयोगासाठी एका गावात आलेली, प्रयोगापूर्वीचा वेळ घालवायला खोटा खटला खेळतात. तेंडुलकरांनी दार कसं बंद केलंय पाहा. अगदी सुरुवातीला, सगळे यायच्या आधीच, त्या दाराच्या कडीनं बेणारेंचं बोट चेमटतं. गावातला साधाभोळा सामंत सांगतो की ही कडी जरा बाहेर राहिली आणि दार ओढलं की माणूस आत अडकला. प्रेक्षक ते ऐकतो आणि विसरतो. पुढे खेळ अंगावर यायला लागतो, बाई पर्स उचलून दाराशी जातात, दार ओढतात. बाहेरून लागलेलं. ना पूर, ना वादळ, ना खुनी. सुताराचं एक काम. आणि ते दार उघडं असतं तरी ती माणसं त्या बाईला सोडणार नव्हती, हे आपल्याला तोवर कळलेलं असतं.

तुमच्या लॉजवर मी काय करीन सांगू? रेंज ठेवा. एकाच कोपऱ्यात, खिडकीच्या गजाशी, एक कांडी. सगळ्यांना माहीत असू दे. पहिला मुडदा पडल्यावर एक जण तिथे जातो, ११ दाबतो. मागून कुणीतरी शांतपणे म्हणतं, "करा की. पोलिस आले की तुमच्या डिकीत काय आहे तेही बघतील." त्याचा अंगठा तिथेच. मग उरलेल्यांकडे तो बघतो आणि त्याला दिसतं की कुणीच पुढे येत नाहीये. एवढं जमलं तर कॅशियर तोंड उघडणार नाही. खरं तर त्यालाच ही भूमिका द्या.

रात्रपाळी

तिसरी घंटा काका, अर्धं पटलं. आठच्या आठ जणांच्या डिकीत काहीतरी असणं हेही टॉवर पाडण्याइतकंच सोयीचं नाही का? एखादा तरी सरळ माणूस असेल, टूरवर निघालेला औषध कंपनीचा एमआर वगैरे. तो फोन करेलच.

तर करू दे! माझी सूचना उलटी आहे. फोन लागतो, पलीकडून उत्तर येतं, "दरड हटवायचं काम चालू आहे, सकाळी सहापर्यंत पोचतो, सगळ्यांनी एकत्र बसून राहा." फोन ठेवल्यावर आठही जणांना कळतं की खुन्याकडे सहापर्यंतचा वेळ आहे, आणि हे खुन्यालाही कळलंय. भिंतीवर एक घड्याळ टांगा. एकत्र बसा म्हणून सांगितल्यावर लघवीला कोण कुणासोबत जाणार, यावरच पाच मिनिटं जातील.

स्वस्त नेपथ्यासाठी १९९७ चा कॅनडाचा 'क्यूब' बघा. अनोळखी माणसं चौकोनी खोल्यांच्या भूलभुलैयात जागी होतात, एका खोलीतून दुसरीत. शेकडो खोल्या वाटतात, पण सेट मुख्यतः एकाच खोलीचा, भिंतींचे रंगीत तक्ते बदलून वापरलाय. तुमचा छोटा हत्ती अर्धा रिकामा जाईल.

कडीवरून आठवलं. टॅरँटिनोचा 'हेटफुल एट', २०१५ चा. वायोमिंगमधलं हिमवादळ, वाटेवरचं एक दुकानवजा घर, त्यात आठ-नऊ खत्रूड लोक. तिथल्या दाराची कडी मोडलेली आहे. जो आत येईल त्यानं दोन फळ्या खिळ्यांनी ठोकून दार लावायचं, आणि आतले सगळे त्याच्यावर ओरडतात, ठोक, नीट ठोक. आधी हसू येतं. तिसऱ्या वेळी लक्षात येतं की हे लोक स्वतःच्या हातानं स्वतःला खिळे मारून घेताहेत.

आणि आठ पात्रं फार होतात. १९९९ चा 'कौन' आठवा. पाऊस, एक घर, तीन माणसं, गाणं नाही. तिघांत जेवढा संशय मावला तेवढा मोठ्या स्टारकास्टला जमत नाही.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. डिझेलचं वाक्य उचललं. खिडकीतली एक कांडीपण. आणि रात्रपाळी, घड्याळ चोरतेय.

पण पात्रं कमी करता येणार नाहीत हो. आठ जण उत्साहानं तालमीला येताहेत, त्यातला एक युनियनचा पदाधिकारी आहे. त्याला पहिल्या दहा मिनिटांत मारलं तर पुढची बदली माझी. पाऊण तासात आठ जणांची ओळख कशी करून द्यायची? आत्ता प्रत्येक जण आत येतो, रेनकोट झटकतो आणि नाव-गाव-व्यवसाय सांगतो. रेल्वे आरक्षणाचा फॉर्म भरल्यासारखं होतंय.

पाच अठराची लोकल

मी नाटकातली नाही, पण अडकलेली आहे. २६ जुलै २००५, अंधेरीचं ऑफिस. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरचे, रस्त्यावरून आत घेतलेले, आमच्याकडे कामासाठी आलेले, असे सगळे मिळून दुसऱ्या मजल्यावर रात्रभर होतो. मोबाइल लागत नव्हते. एक लँडलाइन चालू होती, तिच्यापुढे रांग.

खरं सांगायचं तर माणसं फार चांगली वागतात. अनोळखी बाईनं मला तिची ओढणी दिली, केस पुसायला. कुणी कुणाला नाव-गाव सांगत नाही. ओळख होते ती कोण काय मागतं आणि काय देत नाही त्यावरून. एक गृहस्थ रांगेत तीनदा उभे राहिले आणि तिन्ही वेळा नंबर फिरवून काही न बोलता रिसीव्हर ठेवला. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. कुणी विचारलं नाही. पहाटे पँट्रीतल्या ग्लुकोज बिस्किटांचा मोठा पुडा गायब झाला. एवढ्याशा गोष्टीवरून वातावरण बदललं हो! तोवर 'आपण' होतो, त्यानंतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या पिशवीकडे बघायला लागला. ते गृहस्थ सोडून. ते खिडकीशी उभे होते.

तुमच्या लॉजमध्ये पहिला खून व्हायच्या आधी काहीतरी क्षुल्लक नाहीसं होऊ दे. चार्जर, उदाहरणार्थ. इन्व्हर्टरवर एकच प्लग आणि आठ फोन. कोण किती टक्के आहे ते खरं सांगतं, यातच सगळी पात्रं कळतील. ज्याच्याकडे ऐंशी टक्के आहेत आणि तो तीस सांगतो, त्याचा व्यवसाय कळला नाही तरी चालेल.

घाटमाथा

एकच प्लग: +१. फक्त इन्व्हर्टर रात्री दोनच्या सुमाराला बीप मारायला लागतो हे विसरू नका. ऐकणाऱ्याची झोप उडते.

तिसरी घंटा

लोकलवाल्या ताईंचा प्रतिसाद म्हणजे अख्खा पहिला प्रवेश आहे. त्या १९३९ च्या कादंबरीतही माणसं मरत असताना मधेच घरातून बारीकसारीक वस्तू जातात. विणकामाची राखाडी लोकर हरवते, न्हाणीघरातला लाल मेणकापडाचा पडदा नाहीसा होतो. मुडद्यांच्या गडबडीत वाचक म्हणतो, असेल. त्या दोन वस्तू पुढे कुठे सापडतात ते सांगत नाही, वाचलं नसेल त्यांनी वाचा. प्रॉपर्टीवाल्या माणसाला त्या जागी टाळी वाजवावीशी वाटते.

आठ पात्रांचं: दोघांना लॉज चालवणारं जोडपं करा, म्हणजे सहाच पाहुणे उरले. पण त्यांना यजमान ठेवू नका, हेच या प्रकारातलं जुनं कसब. ख्रिस्तीबाईंच्या बेटावरचं नोकर जोडपंही एजन्सीमार्फत आलेलं असतं आणि मालकाला त्यांनीही कधी पाहिलेलं नसतं. यजमान म्हणून ज्याच्याकडे बघावं तोही पाहुणाच निघतो, तेव्हा पायाखालची फळी सरकते. रात्रपाळी, तुमचा सरळमार्गी एमआर मात्र ठेवायला हवा, मला मान्य आहे. तो फोन करतो, त्याच्यामुळे बाकीच्यांच्या डिकीचा प्रश्न सुटत नाही, उलट घड्याळ सगळ्यांसाठी चालू होतं. सरळ माणसावर राग काढायला इतरांना कारण मिळालं. युनियनवाल्यांना तो रोल द्या, शेवटपर्यंत जगतील.

शेवटाबद्दल. इथून पुढे रहस्यभेद आहे, कादंबरी वाचायची असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

कादंबरीत बेटावर कुणी उरत नाही. मग बाईंनी १९४३ ला तिचं नाटक केलं, तेव्हा तुम्हाला पडलाय तोच प्रश्न त्यांना पडला की शेवटी रंगमंचावर गोष्ट सांगायला माणूस नाही. त्यांनी शेवट बदलला, दोघांना वाचवलं. त्यानंतरच्या बऱ्याच सिनेमांनी तोच गोड शेवट उचलला, १९४५ चा रेने क्लेअरचा धरून. १९८७ चा रशियन सिनेमा मात्र मूळ काळ्या शेवटाला धरून राहिला, २०१५ च्या बीबीसीच्या मालिकेनंही तेच केलं. मला विचाराल तर गोड शेवट हा प्रेक्षकाला घरी जाताना दिलेला लाडू आहे. पण आणीबाणीचा उपाय म्हणून वाईट नाही. तुमच्याकडे उपाय तयारच आहे: सकाळचे सहा. दार बाहेरून वाजतं, पोलिस आलेत. आत किती जण जिवंत आहेत त्यापेक्षा ते दार उघडायला कोण उठतं, यावर पडदा टाकता येईल. उठणाऱ्यानं आधी खिडकीशी जाऊन फोनमधलं काहीतरी डिलीट करावं.

रहस्यभेद संपला.

खून ब्लॅकआउटमध्ये करू नका. 'माउसट्रॅप'मध्ये दिवे घालवून केलेला चालला, कारण १९५२ ला थिएटरात अंधार म्हणजे अंधार होता. आता ब्लॅकआउट झाला की तिसऱ्या रांगेत दोन फोन उजळतात आणि स्टेजवर सरकणारा माणूस दिसतो. त्यापेक्षा दिवे पूर्ण लावून ठेवा आणि सगळ्यांना इन्व्हर्टरच्या बीपकडे बघायला लावा. चहा ओतला जातोय, कप फिरताहेत, डावीकडे भांडण. उजवीकडे एक जण खुर्चीत बसलेलाच राहतो. प्रेक्षकाला तो मेलेला कधी कळावा हे दिग्दर्शकानं ठरवावं, तुम्ही संहितेत फक्त 'कप रिकामा' एवढं लिहा.

आणि ताई, लिहून झाली की संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, लवकर पाठवा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात प्रमाणपत्राच्या मागे धावणारे लेखक मी विंगेतून खूप पाहिलेत. दाराचं काम सुताराकडून करून घ्याल तेव्हा कडी खरी लावून घ्या, पुठ्ठ्याची नको. ती लागल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे.

कृष्णाकाठची

काका, सुतार बघितला. कडी जुन्या बाजारातली मिळेल म्हणतोय, लोखंडी, जड. पण एक अडचण: आमचं दार प्लायचं आहे, चौकटीसकट हलतं. कडी ओढली की अख्खी भिंत थरथरते. मागून टेकू कसा द्यायचा?

तिसरी घंटा

चौकटीला मागून दोन तिरके वासे, पायाशी वाळूची पोती. वासा आणि भिंत यांच्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. फोटो टाका, सांगतो.